गिब्सन, जॉश

(२१ डिसेंबर १९११ – २० जानेवारी १९४७). विख्यात अमेरिकन कृष्णवर्णीय बेसबॉलपटू. जन्म जॉर्जिया राज्यातील ब्यूना व्हिस्टा येथे. वडिलांना पिट्सबर्गच्या पोलाद-कारखान्यात काम मिळाल्यामुळे कुटुंब तेथे स्थायिक झाले. १९३० मध्ये तो होमस्टेड ग्रेज संघात दाखल झाला. त्या व पिट्सबर्ग क्रॉफर्ड्‌स या संघांकडून तो १९४६ पर्यंत खेळला. मधली दोन वर्षे (१९४०-४१) मेक्सिकोत गेली. फलंदाजामागे बसून चेंडू झेलणाऱ्या कॅचरची जागा तो सांभाळीत असे. तथापि त्याची ख्याती झाली ती चेंडू दूरवर टोलविणारा फलंदाज म्हणून.

त्या काळी प्रमुख व्यावसायिक संघांत कृष्णवर्णीयांना प्रवेश नव्हता. त्यांच्या स्वतंत्र ‘निग्रो लीग’ स्पर्धांचे हंगाम लहान असत व उरलेला काळ गावोगावच्या प्रदर्शनीय सामन्यांत जाई. अनेक सामन्यांच्या गुणपत्रिका टिकल्या नाहीत. यामुळे त्याच्या आकडेवारीत मोठी तफावत आढळते. कूपर्सटाउन येथील बेसबॉलच्या सन्मानदालनात १९७२ मध्ये त्याची निवड झाली. तेथील फलकावर सुमारे ८०० होमरनचा उल्लेख आहे. लीग सामन्यांतील पडताळलेले होमरन मात्र दोनशेच्या आत आहेत.

बेसबॉलमध्ये सरासरी धावांवरून काढीत नाहीत. फलंदाजीच्या दर संधीमागे यशस्वी फटके किती, यावरून ती ठरते. २०२० मध्ये १९२०–४८ या काळातील सात कृष्णवर्णीय लीगना प्रमुख दर्जा मिळाला आणि मे २०२४ मध्ये त्यांची आकडेवारी अधिकृत नोंदींत समाविष्ट झाली. परिणामी ०·३७२ ही गिब्सनची सरासरी टाय कॉबच्या ०·३६७ या दीर्घकालीन उच्चांकापुढे गेली. १९४३ च्या हंगामातील त्याची ०·४६६ सरासरीही सर्वोच्च ठरली.

त्याला मिळालेल्या संधी कॉबच्या तुलनेने फारच थोड्या होत्या, असा आक्षेप घेतला जातो. तो वस्तुस्थितीस धरून आहे. परंतु संधींची ही अल्पता वर्णभेदाचेच फलित होय. शिवाय कॉब वा बेब रूथ यांनाही लीग सामन्यांत उत्तम कृष्णवर्णीय गोलंदाजांना तोंड द्यावे लागले नाही. म्हणजे दोन्ही बाजूंच्या नोंदी अपुऱ्याच आहेत. त्यामुळे या आकड्यांवरून श्रेष्ठत्वाचा अंतिम निर्णय करता येत नाही. मात्र गिब्सनला पहिल्या प्रतीच्या फलंदाजांत गणावे लागते, एवढे त्यांवरून निश्चित होते.

पिट्सबर्ग येथे वयाच्या पस्तिसाव्या वर्षी त्याचे निधन झाले. त्यानंतर तीन महिन्यांच्या आतच, १५ एप्रिल १९४७ रोजी, जॅकी रॉबिन्सन हा ब्रुकलिन डॉजर्स संघाकडून मैदानात उतरला आणि प्रमुख लीगमधील वर्णबंदी संपुष्टात आली.