पाचवी चिमणी

चिमणीला बाजारात भाव काय, असा प्रश्न आज कोणी विचारणार नाही. दोन हजार वर्षांपूर्वी पॅलेस्टाइनच्या बाजारात मात्र तिला भाव होता, आणि तो नव्या करारात दोन ठिकाणी नोंदलेला आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या १० व्या अध्यायात एका अस्सारियनला दोन चिमण्या मिळतात. लूकच्या शुभवर्तमानाच्या १२ व्या अध्यायात दोन अस्सारियनला पाच. अस्सारियन हे तांब्याचे हलके नाणे. अशा १६ नाण्यांचा एक दीनार होई, आणि दीनार म्हणजे द्राक्षमळ्याच्या दाखल्यात मजुराला मिळालेला दिवसाचा रोज. माझे आयुष्य रोजंदारीचे हिशेब मांडण्यात गेले, म्हणून हाही हिशेब मी मांडून पाहिला. मत्तयाच्या भावाने दिवसाच्या रोजात ३२ चिमण्या येतात, लूकच्या भावाने ४०. गोरगरिबांना परवडणारे मांस म्हणून ही पाखरे विकली जात.

आता दोन्ही भाव शेजारी ठेवून पाहा. दोन नाण्यांना वास्तविक चार चिमण्या व्हायच्या. विकणारा पाचवी वर घालतो. भाजीवाली जुडीवर कोथिंबिरीच्या चार काड्या घालते, तशी. म्हणजे पाचव्या चिमणीला बाजारात किंमतच उरली नाही. आणि येशू सांगतो की त्या पाचांपैकी एकीचाही देवाला विसर पडलेला नाही.

ख्रिस्ती माणूस निसर्गाकडे कसा पाहतो, हे आज थोडक्यात सांगावयाचे आहे. समोर बसलेल्यांपैकी बहुतेक मंडळी ख्रिस्ती नाहीत हे मी जाणतो, आणि कोणाला धर्म शिकवण्याचा माझा अधिकार नाही. मी पाठशाळेत ईश्वरविज्ञान शिकलेला माणूस नव्हे. जे काही वाचले ते पाळीनंतर वाचले. तथापि एका पुस्तकाची दोन प्रकरणे घेऊन ती नीट वाचावी, एवढे कोणासही करता येते. लूकचे १२ वे आणि १३ वे प्रकरण मी त्यासाठी निवडले आहे. चिमणी, कावळा, रानफूल, ढग, अंजीर, मोहरी आणि कोंबडी एवढे सारे त्या दोन प्रकरणांत आहे.

पहिली गोष्ट ध्यानात घ्यावी ती ही, की येशूने निसर्गाचे वर्णन कोठेही केलेले नाही. सूर्यास्त सुंदर आहे, डोंगर भव्य आहे, असे तो म्हणत नाही. त्याचे श्रोते गालीलचे कोळी, शेतकरी, मजूर. सकाळी घरून निघताना त्यांनी जे पाहिले असेल, तेच तो दुपारी उचलून त्यांच्यापुढे ठेवतो. पाहणे मात्र अचूक असते. पश्चिमेकडे ढग दिसला की तुम्ही म्हणता पाऊस येणार, आणि येतो. दक्षिणेचा वारा सुटला की म्हणता उकाडा होणार, आणि होतो. असे तो लोकांना म्हणतो. नकाशा पाहिला म्हणजे यातील खरेपणा पटतो. त्या देशाच्या पश्चिमेला भूमध्य समुद्र, दक्षिणेला वाळवंट. आपल्याकडे नैर्ऋत्येचे ढग पाहून शेतकरी तिफण बाहेर काढतो, त्यातलाच हा प्रकार. आणि लगेच पुढचा प्रश्न येतो: आभाळ वाचता येते, मग काळ का वाचता येत नाही? न्याय काय आहे, हे तुमचे तुम्ही का ठरवीत नाही? निसर्गापासून घ्यावयाचा धडा तो असा. ढगापाशी तो थांबत नाही. ढगाकडे पाहणाऱ्या माणसाला तो जाब विचारतो.

आता ज्या वचनांनी कामगारवर्गात सर्वांत अधिक गैरसमज झाला आहे, त्यांच्याकडे वळू. कावळे पेरीत नाहीत, कापीत नाहीत, त्यांना कोठार नाही, तरी देव त्यांना खाऊ घालतो. रानातली फुले सूत कातीत नाहीत, तरी शलमोन राजाला त्यांच्यासारखा पोशाख नव्हता. म्हणून चिंता करू नका. तरुणपणी हे वचन मला एका मालकाने ऐकवले होते. महागाई भत्त्याची मागणी घेऊन आम्ही गेलो, तेव्हा ते गृहस्थ हसून म्हणाले, “अहो, तुमच्याच ग्रंथात पाखरांचे लिहिले आहे ना?” मला त्या वेळी उत्तर सुचले नाही. घरी येऊन मी ते प्रकरण पहिल्या ओळीपासून वाचले, तेव्हा उत्तर सापडले.

कावळ्यांच्या आधी लूकने एका श्रीमंताची गोष्ट दिली आहे. त्याच्या शेतात इतके पिकले की ठेवायला जागा पुरेना. तेव्हा जुनी कोठारे पाडून मोठी बांधण्याचा बेत त्याने केला, आणि आता खा, पी, चैन कर, असे स्वतःच्या जिवाला सांगितले. त्याच रात्री तो मेला. ही गोष्ट संपते आणि कोठार नसलेले कावळे येतात. तेव्हा कावळ्यांचा टोला प्रथम कोणाला आहे? कोठारे भरणाऱ्याला. रोजच्या भाकरीची चिंता करणाऱ्याला येथे दिलासा आहे. पण त्याने भाकरी मागू नये, असे कोठेही लिहिलेले नाही. उलट याच शुभवर्तमानात, एकच प्रकरण मागे, येशूने शिष्यांना रोजची भाकर मागणारी प्रार्थना शिकवली आहे.

शिवाय कावळा आळशी नसतो. पहाटेपासून तो पोटामागे असतो, काड्या वेचतो, पिले वाढवतो. यहुद्यांच्या धर्मशास्त्रात, लेवीय या पुस्तकाच्या ११ व्या अध्यायात, कावळा निषिद्ध पक्ष्यांत मोडतो. आपल्याकडेही पिंडाला शिवण्यापुरती त्याची वाट पाहतात, एरवी त्याला हाकलतात. दृष्टांतासाठी येशूने मोर किंवा गरुड घेतला नाही. लोक ज्याला हाकलतात तो पक्षी घेतला.

फुलांचेही तसेच. ते नेमके कोणते फूल, याविषयी विद्वानांचे एकमत नाही. पुष्कळांच्या मते ते त्या डोंगरांवर फुलणारे लालभडक अ‍ॅनिमोनी असावे. त्या देशात पाऊस हिवाळ्यात पडतो, वसंताच्या आरंभी माळ फुलतात, आणि उन्हाळा लागला की सारे करपते. सरपणाचा तुटवडा असल्यामुळे ते वाळलेले गवत भाकरीच्या भट्टीत जाई. आपल्या सह्याद्रीच्या पठारांवर भाद्रपदात सोनकी फुलते आणि दिवाळीनंतर तेथे पिवळे गवत उरते, हे आपण पाहतोच. आपल्याकडे चुलीत पऱ्हाट्या जातात, तुरखाट्या जातात. जे उद्या चुलीत जाणार, त्यालाही देवाने आज इतके नटवले, असा येशूचा युक्तिवाद आहे. एखादी वस्तू फार दिवस टिकत नाही म्हणून ती कशीही वापरावी, या हिशेबाच्या तो बरोबर उलट आहे. माणसाला वर्षाच्या करारावर घेऊन नंतर विसरून जाणाऱ्या आजच्या काळात हा युक्तिवाद मला फार मोलाचा वाटतो.

मराठीत या दृष्टीने निसर्गाकडे पाहणारा मोठा कवी होऊन गेला. रेव्हरंड नारायण वामन टिळक १८६१ मध्ये जन्मले, १८९५ मध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, आणि १९१९ मध्ये ते निवर्तले. ‘फुलामुलांचे कवी’ म्हणून आपण त्यांना ओळखतो. त्यांची ‘केवढे हे क्रौर्य’ ही कविता आपल्यापैकी अनेकांनी शाळेत पाठ केली असेल. घायाळ पक्षीण मरता मरता आपल्या पिलांकडे येते, एवढाच तिचा विषय. लूकच्या १३ व्या प्रकरणाच्या शेवटी येशू यरुशलेमला उद्देशून म्हणतो की कोंबडी पिलांना पंखांखाली घेते, तसे तुझ्या लेकरांना घ्यावे असे मला किती वेळा वाटले. ती कविता आणि हे वचन एकापाठोपाठ वाचून पाहावे. देवाची उपमा येथे सिंहाशी नाही, कोंबडीशी आहे.

त्याच प्रकरणात मोहरी आहे. एका माणसाने मोहरीचा दाणा आपल्या बागेत टाकला, तो वाढला आणि पाखरे त्याच्या फांद्यांवर राहू लागली. काळी मोहरी पुरुषभर उंचीच्याही वर जाते, हे खरे. पण ती वर्षायू वनस्पती आहे, वृक्ष नव्हे. जुन्या करारात यहेज्केल संदेष्ट्याने पाखरांना आसरा देणाऱ्या राज्यासाठी उंच डोंगरावरच्या देवदाराचे चित्र वापरले होते. येशूने देवदार सोडला आणि फोडणीची मोहरी घेतली. आमच्या क्षेत्रातल्या माणसाला हे लगेच कळते. १९२६ च्या मूळ ट्रेड युनियन कायद्याप्रमाणे सात जणांनी सह्या केल्या की संघटनेच्या नोंदणीसाठी अर्ज करता येत असे. चहाच्या टपरीवर भीत भीत केलेल्या त्या सात सह्या म्हणजे काय, हे मी अनेकदा पाहिले आहे.

अंजिराचे झाडही तेथेच आहे. मालक तीन वर्षे फळ शोधतो, मिळत नाही; तो म्हणतो, तोडून टाक, जमीन फुकट अडवते. माळी म्हणतो, धनी, एवढे वर्ष राहू द्या, मी भोवती खणतो, खत घालतो. मग फळले तर ठीक, नाही तर तोडा. पुरंदरच्या अंजीर-बागायतदाराला विचारले, तर आळे करणे आणि शेणखत घालणे म्हणजे काय कष्ट असतात ते तो सांगेल. माळी नुसती दया मागत नाही. मेहनत स्वतःकडे घेतो. कामावरून काढण्याची नोटीस मिळालेल्या माणसासाठी बोलायला जाताना मी स्वतःला हेच विचारतो: आपण नुसती मुदत मागतो आहोत, की खणायलाही तयार आहोत? झाड पुढच्या वर्षी फळले की नाही, हे गोष्टीत सांगितलेले नाही. ते मालकाच्या आणि माळ्याच्या हाती उरले आहे.

इथवर सारे गोड आहे. पण निसर्ग नेहमी गोड नसतो, आणि येथेच श्रद्धेची खरी परीक्षा आहे. चिमणी पडते. मत्तयाच्या वचनात ती पित्यावाचून भूमीवर पडत नाही असे म्हटले आहे. ती पडतच नाही, असे म्हटलेले नाही.

काही वर्षांपूर्वी एका कारखान्यात टाकी साफ करताना ठेकेदाराचा एक मजूर गुदमरून मेला. कायम कामगारांच्या मस्टरवर त्याचे नाव नव्हते, हे समजण्यासारखे होते; ठेकेदाराच्या हजेरीपटावरही ते नव्हते. तो त्या दिवशी कामावर होता हेच सिद्ध होईना. मुकादम म्हणाला, “त्याची वेळ भरली होती.” दुसरा कोणी म्हणाला, पूर्वीचे काही पाप असेल. भावाबरोबर आलेली त्याची बायको हे सारे ऐकत उभी होती. अखेर गेटबाहेरच्या चहावाल्याने आपली उधारीची वही आणून दिली. तीत त्या माणसाचे नाव तारीखवार लिहिलेले होते, अपघाताच्या सकाळचेसुद्धा. एक चहा, एक पाव. त्या वहीवर आमची नुकसानभरपाईची बाजू उभी राहिली.

त्या रात्री मी पुन्हा लूकचे १३ वे प्रकरण उघडले. अंजिराच्या गोष्टीच्या लगेच आधी तेथे एका अपघाताचा उल्लेख आहे. शिलोहाचा बुरूज कोसळून १८ माणसे मेली होती. ती बाकीच्या यरुशलेमकरांपेक्षा अधिक अपराधी होती असे तुम्हाला वाटते काय, असे येशू विचारतो, आणि स्वतःच उत्तर देतो: नाही. मेलेल्यांचे पाप मोजण्याचे काम तो लोकांच्या हातून काढून घेतो आणि जिवंत असलेल्यांना म्हणतो, तुम्ही आपला मार्ग बदला. अपघात झाल्यावर प्रेताचे दोष शोधण्याऐवजी टाकीत हवा का नव्हती, हे शोधावे, असा त्याचा अर्थ मी घेतला. पंडितांनी मला क्षमा करावी.

पाचवी चिमणी म्हणजे कोण, हे मला त्या वहीपाशी कळले. ज्याला बाजारभावात किंमत नाही, जो वर घातलेला आहे, ज्याचे नाव कोणत्याही पटावर नाही, तो. देवाला त्याचा विसर पडत नाही अशी ज्याची श्रद्धा आहे, त्याला स्वतः त्याचा विसर पाडून चालणार नाही. या श्रद्धेचे ओझे ते हेच. ती सांत्वन देते. पण त्याबरोबर एक काम अंगावर टाकते.

हेच खऱ्या चिमणीलाही लागू आहे. २०१० सालापासून २० मार्च हा दिवस जागतिक चिमणी दिवस म्हणून पाळला जातो, कारण पुष्कळ शहरांतून चिमण्या कमी झाल्या. चिमणी माणसाच्या आसऱ्याने राहणारा पक्षी. तिला वळचणीची, भिंतीतल्या भोकाची जागा लागते, आणि पिलांना भरवायला किडे लागतात. आपण भिंती गुळगुळीत केल्या, भोके बुजवली, किडे मारले, आणि मग चिमणी कोठे गेली असे विचारू लागलो. देव तिला विसरत नाही, हे म्हणणे सोपे. गच्चीच्या कोपऱ्यात एक खोके टांगणे आणि परळात पाणी ठेवणे हे त्याहून थोडे अवघड, पण फार अवघड नाही.

श्रोत्यांना माझी विनंती एवढीच आहे. उद्या सकाळी कामावर जाताना वाटेत जे दिसेल ते एकदा नीट पाहावे: तारेवरचा कावळा, फुटपाथच्या फटीतले रोप, नाक्यावर कामाची वाट पाहत उभी असलेली माणसे. आधी ते जसे आहे तसे पाहावे, त्यात आपला उपदेश घालू नये. मग हे आपल्याला काय विचारते आहे, एवढेच मनात आणावे. आणि नाक्यावरच्या त्या माणसांपैकी एखाद्याला त्याचे नाव विचारावे.