नरसीचा नामा, नांदेडची वाणी

संत नामदेवांचे ऋण सांगताना आपण मराठवाड्यातली माणसे नरसी, औंढा आणि पंढरपूर एवढ्यावर थांबतो. लातूर-नांदेडकडच्या गावागावांत अखंड हरिनाम सप्ताह बसतो. पहाटे काकडा, सकाळी ज्ञानेश्वरीचे पारायण, सायंकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन. या कीर्तनपरंपरेचे मूळ पुरुष म्हणून आपण नामदेवांना (1270-1350) मानतो आणि ते योग्यच आहे. पण त्यांच्या प्रभावाचा दुसरा मोठा प्रवाह गोदावरीकाठी, नांदेडातच येऊन स्थिरावला आहे. त्याकडे आपले लक्ष फार कमी जाते, याची मला मनापासून खंत वाटते.

गुरू अर्जनदेवांनी 1604 मध्ये शिखांच्या आदिग्रंथाचे संकलन केले, तेव्हा नामदेवांची 61 पदे त्यात घेतली. ती अठरा रागांत विभागलेली आहेत: गौडी, आसा, धनासरी, तोडी, भैरव, मल्हार, प्रभाती वगैरे. पुढे 1708 मध्ये गुरू गोविंदसिंहांनी नांदेडला देह ठेवला. त्याआधी त्यांनी ग्रंथालाच गुरुपद दिले. परंपरेने ज्यांचे गाव आजच्या हिंगोली जिल्ह्यातले नरसी, त्यांची वाणी पंजाब फिरून शेजारच्या नांदेडात आली, तीही ज्या ग्रंथापुढे लाखो लोक माथा टेकतात त्याचा भाग होऊन.

या पदांतले एक पद मराठवाड्याने तरी आवर्जून वाचावे. हसतखेळत देवळात आलेला भक्त भजनात रंगलेला असताना जातीमुळे त्याला धरून बाहेर काढले जाते. शिंपी-छिप्यांच्या कुळात जन्म का दिलास, असे तो देवाला विचारतो. कांबळे उचलतो आणि देवळाच्या मागे जाऊन बसतो. तो गुण गाऊ लागतो तशी देऊळच त्याच्याकडे तोंड फिरवते. पदात गावाचे नाव नाही. पण औंढा नागनाथाला गेलेल्या कोणालाही ते सांगावे लागणार नाही, कारण तिथे ही कथा आजही सांगतात. विसोबा खेचर हे नामदेवांचे गुरूही त्याच परिसराशी जोडले जातात. आपण ही कथा चमत्कार म्हणून ऐकतो. पदात मात्र आधी येतो तो अपमान, आणि तो प्रथमपुरुषी एकवचनात येतो. मला ते कांबळे उचलणे चमत्काराहून मोठे वाटते.

आदिग्रंथातले नामदेव मराठीतल्या विठोबाच्या लाडक्यापेक्षा करारी आहेत. मूर्तीपेक्षा सर्वव्यापी तत्त्वावर त्यांचा भर आहे, आणि देऊळ-मशिदीत अडकलेल्या दोघांनाही ते फटकारतात. हे कबीरांच्या कितीतरी आधीचे. कबीर आणि रविदास त्यांचे नाव आदराने घेतात ते उगाच नव्हे. इकडे मराठीत चोखोबांची परंपरा, गंगाखेडच्या जनाबाईंचे अभंग आणि तीन शतकांनंतर तुकोबांना स्वप्नात झालेला कवित्वाचा आदेश, सगळ्यांना नामदेवांचा आधार आहे.

अभ्यासकांपुढे गुंता आहेच. नामदेवांच्या मराठी गाथेतले सगळे अभंग एकाच नामदेवांचे नाहीत. विष्णुदास नामा आणि इतर नामे त्यात मिसळले आहेत. पण त्यामुळे मी निराश होत नाही. पुढच्या पिढ्यांतल्या कवींनी आपली रचना ‘नामा म्हणे’ या मुद्रेखाली ठेवावी, हाच प्रभावाचा पुरावा. तोंडोतोंडी जाणाऱ्या कीर्तनात असेच घडते.

पुणे विद्यापीठाने 1964 मध्ये भगीरथ मिश्र आणि राजनारायण मौर्य यांनी संपादित केलेली नामदेवांची हिंदी पदावली प्रसिद्ध केली. राज्य शासनाने 1970 मध्ये मराठी गाथा काढली. एप्रिल 2015 मध्ये पंजाबातल्या घुमानला 88 वे मराठी साहित्य संमेलन झाले, सदानंद मोरे अध्यक्ष होते. नामदेवांच्या तिथल्या वास्तव्यामुळेच ते स्थळ निवडले गेले. घुमानपर्यंत आपण पोचलो, पण नांदेडच्या गुरुद्वाऱ्यात रागी गातात ती नामदेववाणी आपल्या कीर्तनकारांच्या निरूपणात अजून क्वचितच येते. लातूरच्या एखाद्या सप्ताहात एका रात्री कांबळ्याचे ते पद कीर्तनाला घ्यावे, त्याच्या जोडीला औंढ्याची कथा सांगावी, आणि ते ऐकायला नांदेडच्या शीख बांधवांना बोलवावे. दुसऱ्या दिवशी काल्याच्या प्रसादालाही त्यांना पंगतीत सोबत बसवावे.