म्हातारें मांजर व त्याची निगा

आपल्या जिल्ह्यांत असें शेतकऱ्याचें घर क्वचितच सांपडेल कीं ज्याच्या धान्याच्या खोलींत, गोठ्यांत किंवा माळ्यावर एखादें मांजर वावरत नाहीं. तें कोणीं विकत आणलेलें नसतें, पुष्कळदां मुद्दाम पाळलेलेंही नसतें. तरी ज्वारीचीं पोतीं, सरकी, तूर व सोयाबीन यांचें उंदरांपासून रक्षण करण्याचें काम तें बिनपगारी करीत असतें. बैलाच्या कष्टाची आठवण आपण पोळ्याच्या दिवशीं तरी ठेवतों. मांजराचा पोळा कोणी भरवीत नाहीं. त्याविषयीं आमची तक्रार नाहीं. परंतु दहा-बारा वर्षें घर राखलेलें मांजर वाळूं लागलें, लाळ गाळूं लागलें किंवा घरांत भलत्याच ठिकाणीं मुतूं लागलें म्हणजे ‘आतां याचें वय झालें’ असें म्हणून त्यास पोत्यांत घालून शिवेबाहेर सोडण्याची जी रीत कांहीं ठिकाणीं आहे, ती मात्र अज्ञानमूलक आहे. वार्धक्य हा रोग नव्हे. वार्धक्यांत रोग होतात, आणि त्यांतील बरेचसे ओळखतां येतात, कांहीं आवरतांही येतात.

मांजराच्या म्हातारपणाचें वर्म समजण्यास त्याचें मूळ पाहिलें पाहिजे. पाळीव मांजराचा पूर्वज म्हणजे आफ्रिका व पश्चिम आशियांतील कोरड्या मुलुखांतलें रानमांजर होय. शेती सुरू होऊन धान्याचे सांठे झाले, सांठ्यांमागें उंदीर आले व उंदरांमागें मांजर आलें. सायप्रस बेटांत सुमारें ९,५०० वर्षांपूर्वीं मनुष्याशेजारीं पुरलेलें मांजर उत्खननांत सांपडलें व ती हकीकत २००४ सालीं प्रसिद्ध झाली. कोरड्या मुलुखांतला हा प्राणी स्वभावतःच पाणी बेताचें पितो. त्यास लागणारें बहुतेक पाणी शिकारींतून मिळतें, कारण उंदराच्या शरीरांत दोन-तृतीयांश भाग पाणीच असतें.

दुसरी गोष्ट टॉरिन नांवाच्या द्रव्याची. हें द्रव्य मांसांत व मासळींत असतें. गाय व कुत्रा यांस तें आपल्या शरीरांत तयार करतां येतें. मांजरास पुरेसें करतां येत नाहीं. त्याच्या अभावीं मांजराच्या डोळ्यांतील पडदा नासतो हें १९७५ सालीं व हृदयाचा स्नायु दुबळा होतो हें १९८७ सालीं संशोधकांनीं सिद्ध केलें. ज्वारीच्या भाकरींत टॉरिन नाहीं, दुधांत अगदीं थोडें आहे. तेव्हां दूध-भाकरीवर वाढलेलें तरुण मांजर धट्टेंकट्टें दिसतें याचें श्रेय भाकरीस नसून उंदरास आहे!

आतां हेंच मांजर म्हातारें झालें, दांत हलले, सांधे धरले, झेंप चुकूं लागली, म्हणजे काय होतें पाहा. शिकार बंद पडते. त्याबरोबर पाणीही तुटतें व टॉरिनही तुटतें. घरच्या मंडळींस वाटतें कीं त्याचें अन्न तर पूर्वींइतकेंच चालू आहे, मग तें खंगतें कां? याचें उत्तर हें कीं आपण त्यास पूर्वींही पुरेसें देत नव्हतों. उंदीर पकडण्याचें सोडलेल्या मांजरास उंदराची भरपाई घरानेंच केली पाहिजे.

ही भरपाई महाग नाहीं. मांस-मच्छी शिजणाऱ्या घरीं कोंबडीचें काळीज, हृदय व तंगडीचें मांस मीठ-मसाला न घालतां शिजवून, बारीक करून द्यावें. टॉरिन पाण्यांत उतरतें, म्हणून शिजविलेलें पाणीही त्याबरोबरच द्यावें. फोडणीचा रस्सा देऊं नये. कांदा व लसूण यांनीं मांजराच्या रक्तांतील तांबड्या पेशी फुटतात. निरामिष घरीं टॉरिन घातलेलें मांजराचें तयार अन्न बाजारांतून आणावें व कोमट पाण्यांत भिजवून द्यावें. दूध म्हणजे पाणी नव्हे, हेंही येथें सांगितलें पाहिजे. पुष्कळ मोठ्या मांजरांस दुधांतील साखर पचत नाहीं. त्यांस पातळ होतें, व शरीरांतील पाणी उलट कमी होतें.

वृद्ध मांजरांत फार आढळणारा व आपल्या हवेंत विशेष घातक असा रोग मूत्रपिंडांचा आहे. मूत्रपिंडांची सुमारें दोन-तृतीयांश कार्यशक्ति नष्ट होईपर्यंत बाहेरून कांहींच दिसत नाहीं. मग मूत्र दाट करण्याची शक्ति जाते, पाण्यासारखें फिकें मूत्र पुष्कळ होतें, व ती तूट भरून काढण्यासाठीं मांजर माठाखालीं, मोरींत किंवा गुरांच्या हौदाशीं जाऊन बसतें. चार किलो वजनाच्या निरोगी मांजरास अन्नांतील पाणी धरून दिवसास सुमारें २०० मि.लि. पाणी पुरतें, तें जर ४०० मि.लि. पाणी पिऊं लागलें तर रोग आहे असें समजावें. घाटाखालीं मलकापूर, नांदुरा, शेगांव, खामगांव या बाजूस वैशाखांत पारा ४० अंशांच्या पुष्कळ वर जातो, म्हणून ‘उन्हाळा आहे, पीत असेल’ असें म्हणण्याचा मोह होतो. परंतु ज्या मांजराचीं मूत्रपिंडें पाणी राखूं शकत नाहींत, त्यास अशा दिवसांत एक दिवसही पाण्याविना काढवत नाहीं. घरचीं सर्व माणसें शेतांत किंवा लग्नास जातात, दारास कुलूप लागतें, आणि महिनोन्महिने रेंगाळत असलेला रोग त्या एका दिवसांत मांजरास आडवें करितो. यास्तव दोन-तीन पसरट तोंडाचीं मातीचीं भांडीं निरनिराळ्या ठिकाणीं, सावलींत व अन्नापासून दूर ठेवावीं, आणि रोज धुऊन भरावीं. मूत्रपिंडांचा रोग रक्त व मूत्र तपासून निश्चित झाल्यास आहार डॉक्टरच्या सल्ल्यानें बदलावा. कातडीखालीं सलाइन देण्याची क्रिया डॉक्टर शिकवितात, व ती घरीं करतां येते. मांजराची कुरकूर होते, पण तें सोसतें.

रोग लवकर ओळखण्याचें उत्तम साधन म्हणजे वजनकांटा, आणि तो तर शेतकऱ्याच्या घरीं असतोच. मांजरास टोपलींत बसवून महिन्यांतून एकदां वजन करावें व तें भिंतीवरील कॅलेंडरावर लिहून ठेवावें. चार किलोच्या मांजराचें वजन ४०० ग्रॅम घटलें म्हणजे साठ किलोच्या गड्याचें सहा किलो घटल्यासारखें आहे. पण केसांखालीं तें डोळ्यांस दिसत नाहीं. भरपूर खाऊनही वजन घटत असेल व मांजर रात्रीं मोठ्यानें ओरडत असेल तर गळ्यांतील थायरॉइड ग्रंथि फार काम करीत असावी. हा विकार मांजरांत प्रथम १९७९ सालीं वर्णिला गेला. त्यावर गोळ्या आहेत. लठ्ठ मांजर फार पाणी पिऊन वाळूं लागल्यास मधुमेहाचा संशय घ्यावा. एका बाजूनें चावणें, घांस खालीं पडणें, लाळ गळणें हीं दांतांचीं लक्षणें होत. माळ्यावर उडी न मारणें व अंग न चाटणें हीं सांध्यांचीं. अशा मांजराचीं नखें वाढून तळव्यांत रुततात, तीं पाहत जावीं. बोका वारंवार बसून कुंथतो व मूत्राचा थेंब येत नाहीं, असें दिसल्यास सकाळची वाट पाहूं नये; एक-दोन दिवसांत तो दगावतो.

आजाऱ्यास लंघन घालण्याची आपल्याकडे जुनी चाल आहे. मांजरास ती लागू नाहीं. दोन-तीन दिवस उपाशी राहिलेल्या मांजराच्या, विशेषतः लठ्ठ मांजराच्या, यकृतांत चरबी सांचते व तोच एक नवा प्राणघातक रोग होऊन बसतो. अन्न कोमट करून वास येऊं द्यावा, बोटानें ओठास लावावें. चोवीस तास कांहींच न खाल्ल्यास डॉक्टरकडे न्यावें.

आतां सर्वांत वाईट गोष्ट. मांजर मारल्याचें पाप काशीस सोन्याचें मांजर वाहिल्याशिवाय फिटत नाहीं असें आपण मानतों, आणि तेंच मांजर कण्हूं लागलें कीं दयाबुद्धीनें तापाची गोळी कुटून दुधांत घालतों. पॅरासिटामॉलची ५०० मि.ग्रॅ.ची एक गोळी मांजराचा जीव घेण्यास पुरते. माणसाचें यकृत ज्या मार्गानें त्या औषधाचा निचरा करितें तो मार्ग मांजरांत जवळजवळ नाहीं. हिरड्या तपकिरी होतात, तोंड व पंजे सुजतात, श्वास कोंडतो. अंगदुखीच्या डायक्लोफिनॅकनेंही आधींच दुबळीं झालेलीं मूत्रपिंडें निकामी होतात. (गिधाडें मरूं लागल्यामुळें गुरांसाठीं याच औषधावर आपल्या देशांत २००६ सालीं बंदी आली, हें पुष्कळांस ठाऊक असेल.) गोचिडांसाठीं गुरांस किंवा कुत्र्यास लावावयाचीं पर्मेथ्रिन व सायपरमेथ्रिन जातीचीं औषधें मांजरास लावूं नयेत, तें थरथर कांपून झटके येऊन मरतें. फिनाईलनें पुसलेल्या ओल्या जमिनीवर चालून पंजे चाटणेंही त्यास बाधतें. फवारणीचा पंप व कपडे त्याच्या निजण्याच्या जागेपासून दूर ठेवावे. ब्रोमॅडिओलोनचें उंदीर-औषध खाल्लेला उंदीर मंद होतो, आणि मंद उंदीर म्हाताऱ्या मांजरासही पकडतां येतो. मग मांजराच्या अंगांत रक्तस्राव सुरू होतो. ज्या घरीं मांजर आहे तेथें हें औषध ठेवूं नये, सांपळा लावावा. चुकून असें कांहीं पोटांत गेल्यास औषधाचें वेष्टण बरोबर घेऊन त्याच वेळीं डॉक्टरकडे जावें, कारण पॅरासिटामॉल व ब्रोमॅडिओलोन या दोहोंवर उतारे आहेत, पण ते वेळेवर द्यावे लागतात.

दुखणाईत मांजर धरतांना जाड गोणपाट किंवा टॉवेल वापरावा. त्यास पिसाळरोगाची लस दर वर्षीं टोंचलेली असावी. तरीही चावा किंवा ओरखडा झाल्यास जखम वाहत्या पाण्याखालीं साबणानें पंधरा मिनिटें धुऊन तडक माणसांच्या दवाखान्यांत जावें.

तालुक्याचे पशुवैद्यकीय दवाखाने मुख्यतः गुरांसाठीं आहेत. तेथें मांजर घेऊन गेल्यास कोणी हंसेल या लाजेनें पुष्कळ जण जात नाहींत. तसें संकोचण्याचें कारण नाहीं. जनावरांच्या फिरत्या पथकासाठीं असलेल्या १९६२ या क्रमांकावर दूरध्वनि करून सल्ला विचारतां येतो. अधिक तपासणी लागल्यास अकोल्यास महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाची स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्था आहे. खामगांवाहून तें अंतर सुमारें ५० कि.मी. आहे. मांजरास झांकणाच्या टोपलींत, तळाशीं त्याचें नेहमींचें फडकें घालून न्यावें. उन्हाळ्यांत पहाटे निघावें, व वजनांची नोंद असलेलें कॅलेंडराचें पान बरोबर घ्यावें.