टोपीची परीक्षा

थंडीची चाहूल लागली, की कपाटातल्या सुया बाहेर निघतात. छापील नमुना समोर ठेवून घरातली सूनबाई टोपी विणायला बसते. पण अर्ध्यावर येताच टाके जुळेनासे होतात. ती दोनदा उसवते, तिसऱ्यांदा विणते आणि शेवटी लोकर गुंडाळून ठेवीत म्हणते, “माझ्या हाताला हे वळणच नाही!” परंतु वाचक भगिनींनो, चूक तिच्या हाताची नसून नमुन्याचीच असली तर?

अशी पाळी कुणावर येऊ नये म्हणून विणकामाच्या जगात एक परीक्षक असते. इंग्रजीत तिला ‘टेस्ट निटर’ म्हणतात. नवा नमुना विक्रीला येण्यापूर्वी तो रचणारी बाई काहीजणींना आधी विणायला देते. २००७ साली अमेरिकेत ‘रॅव्हलरी’ हे विणकामप्रेमींचे इंटरनेटवरील ठिकाण सुरू झाले. तेव्हापासून घरबसल्या नमुने विकणे सोपे झाले आणि अशा परीक्षेचीही प्रथा पसरली. मापे कोणती, लोकर कसली, सुया कोणत्या, काम कधी पुरे करायचे, हे सारे आधी ठरते. टोपीसाठी विणणाऱ्या चटकन मिळतात. कारण मोठ्या माणसाच्या टोपीलाही बहुधा १०० ग्रॅम लोकर पुरते.

काम लहान खरे, पण हिशेब मोठा काटेकोर! डोक्याचा घेर ५६ सेंटिमीटर असला, तर टोपी नीट धरून बसावी म्हणून ती सुमारे ५१ सेंटिमीटरांची विणतात. १० सेंटिमीटरांत २२ टाके बसत असतील, तर ११२ टाके घालायचे. हात सैल पडून २२ ऐवजी २० च टाके बसले, तर तेच ११२ टाके ५६ सेंटिमीटर भरतात आणि टोपी भुवयांवर उतरते! म्हणूनच आधी लहानसा चौकोन विणून, धुऊन, वाळवून मोजायचा असतो.

खरी कसोटी पुढेच आहे. समजा, नक्षी ८ टाक्यांची आहे. लहान मापाला १०४, मधल्याला ११२ आणि मोठ्याला १२० टाके हवेत. लिहिताना १२० चे ११६ झाले. दोन सुलटे, दोन उलटे असा काठ ११६ टाक्यांवरही बिनबोभाट पार पडतो, कारण त्यांना ४ ने भाग जातो. नक्षीच्या पहिल्याच फेरीत मात्र शेवटी ४ टाके उरतात. कसलेली विणणारी काय करील? मनाशी हिशेब करून ४ टाके वाढवील आणि पुढे जाईल. टोपी सुरेख होईल, पण परीक्षा फसेल! कारण तिने चूक पोटात घातली. आमटीत मीठ किती, असे विचारल्यावर सासूबाई “चवीपुरते” म्हणतात, त्यातलाच हा प्रकार. जाणतीला ते पुरते. नवखीची मात्र आमटी बिघडते.

चांगली परीक्षक लिहिले असेल तसेच विणते. अडली की थांबते आणि कळवते, “मोठे माप, नक्षीची पहिली फेरी, ४ टाके उरले.” माथ्याकडे टाके घटवताना सूचना कळली नाही, तर तेही सांगते. लोकर किती लागली ते वजन करून लिहिते. मैत्रिणीला वाईट वाटेल म्हणून नुसती वाहवा करणारी इथे कामाची नाही.

या कष्टांचा मोबदला? बहुधा तो नमुना फुकट आणि चार गोड शब्द. कुणी लोकर देतात, कुणी पैसेही देतात. छंद म्हणून हौसेने विणावे, हे खरे. पण कित्येक संध्याकाळी जिच्या हातांनी खर्ची घातल्या, तिला काय मिळणार हे आधीच स्पष्ट बोलून घेण्यात संकोच कशाला?

आणि सूनबाई, तुम्ही ती गुंडाळलेली लोकर पुन्हा काढा. टाके जुळले नाहीत, तर हाताला दोष देण्यापूर्वी कागदावर एक भागाकार करून पाहा. बाकी उरली, तर चूक तुमची नव्हे!