गुरांचा दवाखाना व औषधांचा हिशेब

जनावर आजारी पडलें म्हणजे शेतकरी दवाखान्याची वाट धरतो. डॉक्टर भेटतात, रोगाची परीक्षाही होते; परंतु "ही लस या खेपेस आलीच नाहीं", किंवा "औषध आहे, पण त्याची मुदत गेल्या महिन्यांत संपली" असें उत्तर मिळालें, तर डॉक्टरांच्या विद्येचा त्या जनावरास कांहीं उपयोग होत नाहीं. गुरांच्या रोगांविषयीं आजवर पुष्कळ लिहिलें गेलें आहे. त्या रोगांवरील औषधें कपाटांत वेळेवर कशीं येतात, कशीं टिकतात व कशीं वायां जातात, याविषयीं मात्र फारसें कोणी लिहीत नाहीं. हा विषय डॉक्टरांचा व फार तर औषधें सांभाळणाऱ्या कारकुनाचा, आपला नव्हे, अशी सर्वसाधारण समजूत दिसते. ती कितपत खरी आहे, हें तलवाड्याच्या टापूचें उदाहरण घेऊन पाहूं.

तलवाडा हें बीड जिल्ह्याच्या गेवराई तालुक्यांतील गांव. त्वरिता देवीच्या स्थानामुळें तें दूरवर माहीत आहे. तालुक्याच्या उत्तर अंगास गोदावरी वाहते, व पैठणच्या जायकवाडी धरणाचा उजवा कालवा याच तालुक्यांतून माजलगांवकडे जातो. त्यामुळें पाण्याखालच्या शिवारांत ऊस, आणि इतरत्र कापूस, तूर, बाजरी व रब्बीची ज्वारी. गाई-बैल, म्हशी, आणि घरोघर चार-दोन उस्मानाबादी शेळ्या, असें या बाजूचें पशुधन. बीड जिल्ह्याची दुसरी ओळख ऊसतोडीची आहे. दसऱ्याच्या सुमारास कुटुंबेंच्या कुटुंबें पश्चिम महाराष्ट्रांतील व कर्नाटकांतील कारखान्यांकडे निघतात. ट्रॅक्टर आले तरी बैलगाडी घेऊन जाणाऱ्या टोळ्या अद्याप आहेत. हीं माणसें व त्यांचे बैल परत येतात ते चैत्र-वैशाखांत.

औषधांच्या सांठ्याचें सर्व मर्म या एका गोष्टींत आहे. दवाखान्यानें वर्षाची लस किती लागेल याचा अंदाज गांवच्या जनावरांच्या आंकड्यावरून करावयाचा असतो. तो आंकडा पौष-माघांत घेतला, तर तोडीस गेलेले बैल त्यांत येत नाहींत. मागणी त्या आंकड्यावर जाते, लस त्या मानानें येते, आणि पावसाळ्यापूर्वीं घटसर्प व फऱ्या यांची लस टोंचावयाची वेळ येते तेव्हां गोठे पुन्हां भरलेले असतात. मग शेवटच्या वाडीस लस पुरत नाहीं. यांत कोणाची लबाडी नसते. केवळ मोजणीचा महिना चुकलेला असतो. म्हणून मागणीपत्र लिहितांना तोडीस गेलेल्या बैलांची संख्या घरच्या माणसांस विचारून वेगळी धरावी, व ती डॉक्टरांस आपण होऊन कळवावी. हें काम गांवकऱ्यांवांचून दुसरें कोणी करूं शकत नाहीं. हल्लीं जनावराच्या कानांत बारा आंकडी बिल्ला मारून त्याची नोंद संगणकावर ठेवितात. तिचा उपयोग या कामीं चांगला होतो. परंतु बिल्ला पडला, जनावर विकलें किंवा नवें घेतलें, हें मालकानें कळविलें तरच ती नोंद खरी राहते.

औषधाची गरज वर्षभर सारखी नसते, हें शेतकऱ्यास निराळें सांगणें नको. मृगापूर्वीं घटसर्प-फऱ्याची व शेळ्यामेंढ्यांस आंत्रविषाराची लस; पाऊस पडून गवत उगवलें कीं पोटफुगी व जंत. पुढें कपाशीवर फवारणी सुरू होते, आणि बांधावरचें फवारलेलें गवत खाऊन किंवा औषधाच्या डब्यांतलें पाणी पिऊन जनावर तोंडाला फेंस आणून थरथरूं लागतें. त्या वेळीं अट्रोपीनची सुई हाताशीं असली तर तें वांचतें. ती तालुक्याहून आणीपर्यंत बहुधा खेळ संपतो. पावसानें ताण दिला म्हणजे खुरटलेल्या कोंवळ्या ज्वारीची विषबाधा होते. तिच्यावर सोडियम थायोसल्फेट शिरेंतून द्यावें लागतें. पावसाळ्याच्या अखेरीपासून म्हशींचीं वितें सुरू होतात, तेव्हां कॅल्शियमच्या बाटल्यांचा उठाव वाढतो. तोडीला बैल निघण्यापूर्वीं लाळ्या-खुरकुताची लस, आणि खांद्याच्या जखमांचें मलम. अशी ही दवाखान्याची दिनदर्शिका आहे. जो सांठा हिच्याप्रमाणें चालत नाहीं, तो भरलेला असूनही रिकामाच समजावा.

सगळीं औषधें एका मापानें मोजूं नयेत. कांहीं औषधें अशीं आहेत कीं तीं नसल्यास जनावर हातचें जातें: अट्रोपीन, सर्पविषावरील प्रतिविष, शिरेंतून देण्याचें कॅल्शियम, पिसाळलेलें कुत्रें चावल्यावर द्यावयाची लस. हीं वर्षांतून थोडींच लागतात, कांहीं महाग असतात, आणि म्हणूनच तीं मागविण्याची टाळाटाळ होते. पडून राहिलीं व मुदत संपून टाकावीं लागलीं, तर तो तोटा सोसावा. त्यास नुकसान म्हणूं नये, राखणदाराचा पगार म्हणावें. दुसऱ्या वर्गांत नित्याचीं औषधें: जंताचीं, तापाचीं, जखमेचीं. तिसऱ्या वर्गांत टॉनिकें व शक्तिवर्धक चूर्णें. आमचें निरीक्षण असें कीं खाजगी दुकानाच्या दर्शनी फळीवर तिसरा वर्ग सर्वांत पुढें मांडलेला असतो.

नवें औषध केव्हां मागवावें, याचें गणित साधें आहे. समजा, कॅल्शियमच्या बाटल्या महिन्याला वीस लागतात, आणि मागणी पाठविल्यापासून माल हातीं येण्यास दीड महिना जातो. या दीड महिन्यांत तीस बाटल्या खर्च होतील. एखादे वेळीं गाडी लांबली किंवा वितें एकदम आलीं, तर हाताशीं असावी म्हणून आणखी दहांची जोड. म्हणजे कपाटांत चाळीस उरल्या त्याच दिवशीं मागणी गेली पाहिजे. पुष्कळ ठिकाणीं ती शेवटच्या पांच उरल्यावर जाते. सुगीच्या महिन्यांत खप दुप्पट होत असेल तर हा आंकडाही त्याआधीं वाढवावा लागतो. चाळीस ही संख्या कपाटाच्या फळीवर खडूनें लिहून ठेवली तर फारशा विद्येची गरज राहत नाहीं.

याच्या उलट चूक म्हणजे अतिसांठा. दहा बाटल्यांवर दोन फुकट, असें आमिष विक्रेते दाखवितात, व खाजगी व्यवसाय करणारा तरुण डॉक्टर त्याला भुलतो. वर्षाला आठच बाटल्या खपत असतील तर त्या दोन फुकटच्या बाटल्यांनीं त्याचा पैसा कपाटांत कोंडला, इतकाच अर्थ. तो पैसा शेवटीं कोणाकडून वसूल होतो हें सांगावयास नको.

सांठा आला कीं त्याची मांडणी. आपल्या घरीं बळदांत किंवा कणगींत नवें धान्य ओतण्यापूर्वीं जुनें काढून घेतात. औषधांत याहून थोडा फरक आहे: येथें आधीं आलेलें नव्हे, आधीं मुदत संपणारें आधीं वापरावें. मागाहून आलेल्या पेटीची मुदत कधीं कधीं आधीं संपते. म्हणून डब्यावरची तारीख पाहूनच तो मागें किंवा पुढें ठेवावा. नोंदवहींत औषधाचें नांव, बॅच नंबर, मुदतीची तारीख, जमा, खर्च व शिल्लक इतके रकाने पुरे होतात. मात्र महिन्यांतून एकदां वही बाजूस ठेवून कपाटांतील बाटल्या हातानें मोजल्या पाहिजेत. वाण्याचा रोजमेळ आणि गल्ल्यांतली रोकड जुळली नाहीं तर तो रात्रीं झोंपत नाहीं. औषधांच्या वहीस तीच कसोटी लावावी.

आतां लशीविषयीं थोडें विस्तारानें लिहिणें जरूर आहे. कारण औषध खराब झालें तर कधीं कधीं तरी दिसतें, लस खराब झाली तर बहुधा कांहींच दिसत नाहीं. ती टोंचली जाते, वहींत नोंद होते, मालक निश्चिंत होतो, आणि रोग आल्यावर जनावर मरतें. मग गांवांत बोलतात कीं लशींत कांहीं राम नाहीं. बहुतेक लशी २ ते ८ अंश सेंटिग्रेडच्या दरम्यान ठेवाव्या लागतात. वैशाखांत मराठवाड्यांतील पारा चाळिशीच्या वर जातो, व विजेचा भरंवसा नसतो. म्हणून उन्हाची भीति सर्वांस असते. थंडीची भीति मात्र थोड्यांसच ठाऊक आहे. लाळ्या-खुरकूत, घटसर्प, फऱ्या, आंत्रविषार यांच्या पातळ लशी गोठल्या कीं निकामी होतात. बर्फाच्या कप्प्यांत ठेवल्यास त्या जास्त टिकतील ही समजूत घातक आहे. उलट शेळ्यांच्या पीपीआरची लस ही सुकविलेली जिवंत लस असून तिला गोठण्याचें भय नाहीं, उष्णतेचें आहे. फ्रीजच्या दारांत लस ठेवूं नये, कारण तेथें ऊब सर्वांत जास्त. रिकाम्या जागेंत पाण्याच्या बाटल्या भरून ठेवाव्या, म्हणजे वीज गेल्यावर गारवा कांहीं तास टिकतो. आंत एक उष्णतामापक असावा, आणि त्याचा आंकडा रोज दोन वेळां लिहावा. त्याच फ्रीजमध्यें दुधाची पातेली व पाण्याचे तांबे दिसले, तर दार दिवसांतून किती वेळां उघडतें हें ओळखावें.

थंडाव्याची ही अडचण किती मोठी असते, हें बुळकांडीच्या इतिहासावरून कळतें. या रोगानें आपल्या वाडवडिलांचे गोठेच्या गोठे रिते केले. गुरांच्या अशा सांथींच्या अभ्यासासाठीं १८८९ सालीं पुण्यास प्रयोगशाळा निघाली व १८९३ मध्यें ती हिमालयांत मुक्तेश्वर येथें हलविली गेली. पुढें वॉल्टर प्लोराइट यांनीं केनियांत उत्तम लस तयार केली. परंतु तिला थंडावा लागे, आणि रस्ते व वीज नसलेल्या मुलुखांत ती पोहोंचेपर्यंत निकामी होण्याचा धोका असे. १९९० च्या सुमारास जेफ्री मॅरिनर यांनीं तीच लस अशा रीतीनें सुकविली कीं ती फ्रीजशिवाय महिनाभर टिके. त्यानंतर दुर्गम भागांतही लस पोहोंचूं लागली. भारत २००६ सालीं या रोगापासून मुक्त ठरला, व २०११ सालीं संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषि संघटनेनें पृथ्वीवरून बुळकांडी नाहींशी झाल्याचें जाहीर केलें. इतर बहुतेक रोगांच्या लशींस ही सोय अजून नाहीं. त्यांस बर्फाची पेटीच पाहिजे.

लशीची नासाडी होण्याचें एक कारण तर केवळ गांवकऱ्यांच्या हातचें आहे. पीपीआरच्या लशीची शंभर मात्रांची कुपी द्रवांत विरघळविली कीं सुमारें दोन तासांच्या आंत संपवावी लागते. डॉक्टर वस्तीवर आले, आणि तीसच शेळ्या दावणीला सांपडल्या, बाकीच्या रानांत गेल्या. तर सत्तर मात्रा फेंकून द्याव्या लागतात. तेंच आदल्या दिवशीं निरोप फिरवून दोन-तीन वाड्यांच्या शेळ्या सकाळीं एका ठिकाणीं आणल्या, तर एका कुपींत काम होतें. लम्पी त्वचारोग २०२२ सालीं महाराष्ट्रांत पसरला, तेव्हां शेळ्यांच्या देवीची लस गाई-बैलांस टोंचावी लागली. त्या वेळीं बाजार बंद झाले, गुरांच्या वाहतुकीवर निर्बंध आले, आणि एकेका मात्रेची किंमत सर्वांस कळली. सुईही जनावरागणिक वेगळी वापरणें अवश्य आहे; म्हणून लशीबरोबर तितक्याच सुया मागविल्या कीं नाहीं, हें पाहावें.

कपाटांत काय नसावें, हेंही सांठ्याच्या हिशेबाचेंच अंग आहे. डायक्लोफेनॅक हें वेदनाशामक गुरांसाठीं वापरण्यास २००६ पासून बंदी आहे. तें दिलेलें जनावर मेल्यावर त्याचें मांस खाऊन गिधाडें मेलीं, आणि आज रानांत पडलेलें ढोर साफ करण्यास तीं जवळजवळ उरलीं नाहींत. २०२३ मध्यें अॅसिक्लोफेनॅक व किटोप्रोफेन यांच्यावरही तशीच बंदी आली. त्यांऐवजीं मेलॉक्सिकॅम वापरतां येतें. जंतुनाशक औषध दिलेल्या जनावराचें दूध किती दिवस विकूं नये, तें बाटलीवर लिहिलेलें असतें. विशिष्ट मुदत ठरलेली नसेल तर कायद्याप्रमाणें दुधास किमान ७ व मांसास किमान २८ दिवस सोडावे लागतात. औषध घेतल्याची तारीख गोठ्यांतल्या भिंतीवर लिहून ठेवणें हा त्यावर सोपा उपाय.

शेतकऱ्याच्या घरींही लहानसा सांठा असावा. पण तो मर्यादेंत. उष्णतामापक, टिंक्चर आयोडीन, पोटॅशियम परमँगनेट, स्वच्छ कापूस व पट्ट्या, आणि पोटफुगीसाठीं गोडें तेल. तेल पाजतांना जनावराची मान फार उंच करूं नये व जीभ ओढूं नये. तें श्वासनळींत गेलें तर पोटफुगीपेक्षां वाईट. जंतुनाशक सुयांच्या अर्ध्या वापरलेल्या बाटल्या मात्र घराच्या देवळींत ठेवूं नयेत. उरलेलें औषध पुढच्या वेळीं अंदाजानें टोंचलें जातें, मात्रा अपुरी पडते, आणि जंतु त्या औषधास सरावतात.

तलवाड्याच्या टापूंत बैल तोडीला निघण्याचा दिवस दसऱ्याच्या मागेंपुढें येतो. लाळ्या-खुरकुताच्या लशीचा गुण अंगीं येण्यास दोन-तीन आठवडे लागतात, हें लक्षांत घेतां टोंचणी भाद्रपदांतच झाली पाहिजे. आणि त्यासाठीं कोणत्या मुकादमाच्या टोळींत किती बैल जाणार, ही यादी श्रावण संपण्यापूर्वीं दवाखान्यांत गेली पाहिजे. त्या यादीच्या कागदाच्या पाठीवर परत येण्याचा अंदाजे महिनाही लिहावा, म्हणजे मृगापूर्वींच्या लशीची मागणी करतांना तोच कागद पुन्हां कामीं येईल.