खांद्यावरचा न दिसणारा भार

छताला रंग देणाऱ्या कामगाराचा हात तासन्‌तास डोक्याच्या वर असतो. अशा वेळी खांद्याच्या टोकाचं हाड आणि दंडाचं हाड यांच्यातली जागा अरुंद होते, तिथून जाणारी कंडरा दाबली जाते. सतत आवळलेल्या स्नायूला रक्तही कमी मिळतं. हे सगळ्यांना पटतं. पण संगणकापुढे बसणाऱ्यांचेही खांदे भरून येतातच की! मानसिक ताणात मान-खांद्याचा ट्रॅपेझियस स्नायू काही न उचलताही आकुंचित राहू शकतो, हे त्याच्या विद्युत-नोंदींत दिसलं आहे. कामाचा रेटा मोठा आणि निर्णयाचा अधिकार कमी, तिथे ताण सर्वाधिक, असं संशोधक रॉबर्ट कॅरासेक यांनी १९७९मध्ये मांडलं. तेव्हा मुकादमांनो, परांची पुरेशी उंच बांधा आणि दम कधी खायचा हे कामगाराला ठरवू द्या.