किमची कुणाची?

तत्त्वज्ञान शिकवण्यात ज्याची हयात गेली, त्याने खाण्यापिण्यावर कशाला बोलावं, असं काही श्रोत्यांना वाटेल. पण एखादी वस्तू 'ती' वस्तू कशामुळे ठरते, आणि ती कुणाची, हे तत्त्वज्ञानातले फार जुने प्रश्न आहेत. हल्ली ते कोरियन जेवणाच्या निमित्ताने आपल्या समोर आले आहेत. म्हणून आजचा विषय हा.

आधी घडलंय काय ते पाहू. २०२१ च्या सप्टेंबरात ऑक्सफर्डच्या इंग्रजी शब्दकोशात एकदम २६ कोरियन शब्द घेतले गेले. बुलगोगी, बानचान, किंबाप, जापचे असे खाण्याचे शब्द त्यांत बरेच. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या ट्रेडर जोज या दुकानांनी गोठवलेला किंबाप विकायला ठेवला. किंबाप म्हणजे समुद्री शेवाळाच्या पापुद्र्यात भात आणि भाज्या घालून केलेली गुंडाळी. काही आठवड्यांत सगळ्या दुकानांतला माल संपला. २०२४ च्या जूनमध्ये डेन्मार्कच्या अन्नखात्याने बुलदाक नूडल्सचे तीन प्रकार फार तिखट म्हणून बाजारातून काढायला लावले. पुढच्याच महिन्यात त्यांतल्या दोन प्रकारांवरची बंदी उठली. कंपनीला मात्र फुकटची जाहिरात मिळाली!

आपल्या देशात हे लोण सगळ्यात आधी पोचलं ते मणिपूरमध्ये. २००० साली तिथल्या एका सशस्त्र संघटनेने हिंदी सिनेमांवर बंदी घातली आणि मोकळी झालेली जागा कोरियन वाहिनीने आणि मालिकांच्या सीड्यांनी भरून काढली. बाकीच्या भारतात २०२० च्या टाळेबंदीत कोरियन मालिका घरोघर शिरल्या. मालिकेतली माणसं सारखी काहीतरी खात असतात. ते काय खातात, हे पाहणाऱ्याला खाऊन बघावंसं वाटतं. आज वाण्याच्या दुकानातही 'कोरियन' असं लिहिलेली नूडल्सची पाकिटं दिसतात.

आता यातली गंमत पाहा. २००९ मध्ये दक्षिण कोरियाच्या सरकारने आपलं अन्न जगभर न्यायची मोहीम काढली. २०१७ पर्यंत कोरियन पाककला जगातल्या पहिल्या पाचांत आणायची, असं उद्दिष्ट ठेवलं. पैसा ओतला, संस्था काढली. न्यूयॉर्कमध्ये सरकारी पैशातून एक उंची उपाहारगृह काढायची योजना होती, ती बारगळली. आणि लोकांनी उचललं काय? पाकिटातल्या नूडल्स आणि तळलेली कोंबडी. पाहुण्यासाठी दिवाणखाना सजवून ठेवावा आणि त्याने थेट स्वयंपाकघरात येऊन पाटावर बसावं, तसं झालं.

या नूडल्सचा इतिहास जरा बघू या. झटपट नूडल्स निघाल्या जपानमध्ये, १९५८ साली. कोरियात सामयांग कंपनीने १९६३ मध्ये जपानकडूनच तंत्र घेऊन त्या सुरू केल्या. त्या काळी कोरियात तांदूळ कमी आणि अमेरिकेच्या मदतीचा गहू भरपूर. तांदूळ वाचवा, पिठाचे पदार्थ खा, असा सरकारचा आग्रह होता. आपल्याकडच्या वडीलधाऱ्यांना पी. एल. ४८० चा गहू आणि रेशनवरची लाल मिलो आठवत असेल. त्याच अमेरिकन कायद्याखाली कोरियातही धान्य जात होतं. आज सोलच्या हॉटेलांत हौसेने खाल्ला जाणारा 'बुदे जिगे' हा रस्सा तर त्याहून बोलका आहे. त्याच्या नावाचा अर्थच लष्करी तळाचा रस्सा. कोरियन युद्धानंतरच्या उपासमारीत अमेरिकन छावण्यांतून बाहेर आलेलं डबाबंद मांस आणि सॉसेज किमचीबरोबर उकळून लोकांनी पोट भरलं. त्यातून तो जन्मला.

म्हणजे जगाने जे 'अस्सल कोरियन' म्हणून उचललं, त्यातलं बरंचसं टंचाईतून, परक्यांच्या मदतीतून, परक्या तंत्रातून आलेलं आहे. मग काही जण म्हणतात, ते सोडा हो, खरं कोरियन म्हणजे किमची! ठीक आहे. आपण किमचीच तपासू.

किमचीचा लाल रंग मिरचीचा. मिरची मूळची अमेरिका खंडातली. आपल्याकडे ती पोर्तुगीजांनी आणली. कोरियात ती सोळाव्या शतकाच्या अखेरीस, बहुधा जपानमार्गे पोचली, असं सामान्यतः मानलं जातं. १६१४ च्या एका कोरियन ग्रंथात तिला 'जपानी मोहरी' अशा अर्थाचं नाव आहे. कोबी चिनी. आज जो गच्च, भरदार कोबी किमचीला वापरतात, त्याच्या बियाण्यावर १९५० च्या दशकात काम केलं वू जांग-चुन या शास्त्रज्ञाने. त्यांचा जन्म जपानमधला, वडील कोरियन, आई जपानी. पन्नाशीनंतर ते कोरियात आले आणि युद्धाने उद्ध्वस्त झालेल्या देशाला कोबी-मुळ्याचं चांगलं बियाणं मिळवून दिलं.

इथे आम्हाला मिलिंदप्रश्नातला रथ आठवतो. राजा मिलिंद नागसेन भिक्खूंकडे रथातून येतो. नागसेन विचारतात, राजा, चाक म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ का? जू म्हणजे रथ का? राजा प्रत्येक वेळी नाही म्हणतो. मग रथ कुठे आहे?

तोच प्रश्न किमचीला विचारू. मिरची म्हणजे किमची का? नाही, बिनमिरचीची पांढरी किमची असते, तिला बेक-किमची म्हणतात. कोबी म्हणजे किमची? नाही, मुळ्याची असते, काकडीची असते. खारवलेली मासळी? लसूण? तेही नाही. कोरियातल्या बौद्ध मठांत मांस-मासळी चालत नाही, आणि कांदा, लसूण, पात हेही वर्ज्य. आपल्याकडे चातुर्मास पाळणाऱ्या घरांना हे वेगळं सांगायला नको. बेकयांगसा मठाच्या परिसरात राहणाऱ्या जोंग क्वान या भिक्खुणींचा स्वयंपाक २०१७ मध्ये 'शेफ्स टेबल' या मालिकेतून जगाने पाहिला. त्यांची किमचीही लसणाशिवायच. बरं, मग आंबवणं म्हणजे तरी किमची? तेही पुरतं खरं नाही. कालवून लगेच खायची ताजी किमची असते, 'गोतजोरी'.

नागसेनांचं म्हणणं असं की सगळे भाग जुळून आले की त्याला व्यवहारात 'रथ' हे नाव मिळतं. भागांच्या पलीकडे वेगळा रथ नाही. मान्य. पण व्यवहार म्हटला की पुढचा प्रश्न येतो: कुणाचा व्यवहार? नाव द्यायचं कुणी?

या प्रश्नाला आपल्या काळात दोन उत्तरं दिली गेली.

पहिलं २००१ चं. १९९० च्या दशकात जपानी कंपन्या 'किमुची' नावाने झटपट, फारसा न आंबवलेला प्रकार विकत होत्या. कोरियाने आक्षेप घेतला. प्रकरण कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकांच्या संस्थेकडे गेलं. तिने व्याख्या केली: चिनी कोबी, त्याला मुख्यतः लाल मिरचीची पूड, लसूण, आलं, मुळा वगैरेंचा मसाला, आणि कमी तापमानात आंबवणं. मीठ १ ते ४ टक्के, आम्लता १ टक्क्याच्या आत. व्यापारासाठी हे उपयोगी आहे, पाकिटावर काय लिहायचं ते कळतं. पण नीट पाहा, या व्याख्येत मठातली किमची बसतच नाही.

दुसरं उत्तर २०१३ चं. युनेस्कोने अमूर्त वारशाच्या यादीत 'किमजांग' घेतलं. २०१५ मध्ये उत्तर कोरियाची परंपराही आली. किमजांग म्हणजे हिवाळ्याच्या तोंडावर शेजारपाजार, नातेवाईक यांनी एकत्र बसून घराघराला पुरेल एवढी किमची घालणं आणि वाटणं. पूर्वी ती मातीच्या मोठ्या रांजणांत भरून रांजण जमिनीत पुरत. उन्हाळ्यात आपल्याकडे गच्चीवर वाळवणं पडायची, आज एकीच्या घरचे पापड, उद्या दुसरीच्या, तसाच हा प्रकार, फक्त ऋतू उलटा. लक्षात घ्या, यादीत बरणीतली किमची नाही. यादीत आहे ते करणं आणि वाटणं.

म्हणजे एका उत्तरात किमची ही वस्तू आहे, दुसऱ्यात ती कृती आहे. आजच्या व्याख्यानातला मुख्य मुद्दा हाच आहे. परदेशी जाते ती वस्तू. कृती पाकिटात भरता येत नाही.

'पॅरासाइट' या सिनेमातलं उदाहरण घ्या. त्यात दोन स्वस्त नूडल्सची पाकिटं एकत्र करून त्यावर हानवू नावाचं अतिशय महाग गोमांस घातलेलं आहे. श्रीमंत घरात गरिबांचं पाकीटही कसं खाल्लं जातं, ते त्या एका वाडग्यात दिसतं. २०२० मध्ये सिनेमाला ऑस्कर मिळाल्यावर तो पदार्थ जगभर 'रेसिपी' म्हणून केला गेला. वाडगा पोचला, पण त्यातला टोमणा बहुतेकांपर्यंत पोचला नाही.

भांडणंही वस्तूवरूनच होतात. २०२० मध्ये चीनच्या पुढाकाराने 'पावसाय' या चिनी खारवलेल्या भाज्यांचं आंतरराष्ट्रीय मानक ठरलं. ते किमचीला लागू नाही असं त्या मानकातच लिहिलं आहे. तरी चीनमधल्या एका वृत्तपत्राने तो किमचीवरचा विजय म्हणून मिरवला आणि कोरियात संतापाची लाट उठली. २०२१ मध्ये कोरियाने किमचीसाठी 'शिन्ची' असं वेगळं चिनी नाव सुचवलं. नावाची ही लढाई चालू असताना सोलमधल्या साध्या खानावळीत काय वाढलं जातं? पुष्कळदा चीनमध्ये तयार झालेली किमची. ती स्वस्त पडते. २००६ पासून बहुतेक वर्षी दक्षिण कोरियाने जेवढ्याची किमची परदेशात विकली, त्याहून जास्त रकमेची विकत आणली, आणि ती जवळजवळ सगळी चीनमधून. तिकडे घरातलं किमजांग कमी होत चाललंय. आज साधारण एक तृतीयांश घरांत एकेकटं माणूस राहतं. त्याने वीस-तीस कोबी कुणासाठी खारवायचे?

कोरियन भाषेत एक सुंदर शब्द आहे, 'सोनमात'. सोन म्हणजे हात, मात म्हणजे चव. हाताची चव! आपण 'तिच्या हाताला चव आहे' म्हणतो, अगदी तेच. जिन्नस तेच, प्रमाण तेच, तरी एकीची आमटी वेगळी आणि दुसरीची वेगळी. कोडेक्सच्या व्याख्येत या चवीला रकाना नाही.

पण इथे थांबून दुसरी बाजू पाहायलाच हवी, नाहीतर हे नुसतं गतकाळाचं गोडवे गाणं होईल. सोनमात म्हणताना तो हात बहुतेक वेळा बाईचाच असतो. नोव्हेंबरच्या थंडीत गार पाण्यात शेकडो कोबी धुणं, मीठ चोळणं, पानापानात मसाला भरणं, हे काम सुनांनी आणि सासवांनी केलं. वारसा म्हणून टाळ्या वाजल्या, पण पाठ आणि बोटं दुखली त्यांचीच. १९९५ पासून खास किमचीचे फ्रीज आले, रांजण पुरायचं सुटलं, तयार किमची दुकानात मिळू लागली. ज्या बाईची सुटका झाली, तिला 'परंपरा बुडाली हो' असं सांगायचा अधिकार आयतं खाणाऱ्याला नाही. वाळवणांबद्दल हळहळणाऱ्या आपल्या पुरुषांनीही हे ऐकून ठेवावं.

मग उत्तर काय? आमचं मत असं. पदार्थ कुणाचा, हे त्याच्या जन्मस्थळावरून ठरत नाही. तसं पाहिलं तर किमचीतलं निम्मं बाहेरचं, आणि बटाटा-मिरचीवाचून आपलंही चालत नाही. सरकारी शिक्क्यानेही ते ठरत नाही. जे लोक तो करत राहतात, एकमेकांना शिकवतात, त्यात बदल करतात आणि बदललेल्यालाही आपलं म्हणतात, त्यांचा तो पदार्थ. जगाने बुलदाकची पाकिटं खाल्ल्याने कोरियाचं काही हिरावलं जात नाही. लॉस एंजेलिसमध्ये किंवा पुण्यात कुणी शिकून मन लावून किमची घातली, तर ती मंडळीही त्या कृतीत सामील झाली, चोर ठरली नाहीत. धोका आहे तो वेगळीकडे. वस्तू जगभर मिळते आहे, म्हणजे कृती सुरक्षित आहे, असं समजण्यात. दुकानातली फळी भरलेली राहील आणि कसं करायचं हे माहीत असलेलं माणूस घरात उरणार नाही, असं होऊ शकतं.

आणि कृती टिकवायची तर तिचं ओझंही वाटून घ्यायला हवं. 'किमजांग'च्या युनेस्कोच्या नोंदीत करण्याबरोबर वाटणं हा शब्द आहे. आपण तो फक्त तयार किमचीपुरता घेतो. कामाचं वाटणंही त्यातच धरावं, अशी आमची सूचना आहे. मुलगे, जावई, नातू, सगळ्यांनी मिठाच्या पाण्यात हात घालावेत.

श्रोत्यांना एक गृहपाठ देतो. आपल्या घरात असा कोणता पदार्थ आहे, जो एकाच माणसाला नीट जमतो? मेतकूट असेल, सांडगे असतील, कैरीचं एखादं लोणचं असेल. त्या माणसाशेजारी एक दिवस बसा. कृती लिहून घ्याच, पण तेवढ्यावर थांबू नका, स्वतः करून पाहा. पहिल्या खेपेला बिघडेल. दुसऱ्या खेपेला थोडं कमी बिघडेल. हाताला चव यायला वेळ लागतो, म्हणून सुरुवात लवकर करावी.